कशालाच न जोडलेली कांडी

कडूबा मिस्त्रीनं बटन दाबलं आणि गाडी चालू झाली. इंजिन फिरवायचा दांडा नाही, धाप नाही, शिव्या नाहीत. पाटलाच्या दारासमोरच्या पारावरची माणसं तोंडात बोटं घालून बघत राहिली. अशी जादू त्यांनी अख्ख्या मोगलाईत पाहिली नव्हती. महिन्यापूर्वी हीच छोटी मोटार बैल जोडून कुंभार पिंपळगावातून जालन्याला ओढत नेली होती. कडूबानं तिचं थकलेलं इंजिन काढलं, एका उलटलेल्या नव्या मोटारीचं तिच्या पोटात बसवलं, आणि आज ती आपल्या पायांनी घरी आली.

"मालक, आता निस्तं बोट लावायचं," कडूबा धर्मराजला सांगत होता. "दांडा मारायची कटकट बिलकुल न्हाई. अन् बाईसाहेबांना आत बसायचा तरास बी न्हाई."

दाराआड उषाबाई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. नवऱ्याची गाडी नीट झाली तर बायकोला आनंद व्हायला हवा. तिला मात्र ओवाळायला पुढं व्हावंसं वाटेना.

तिच्या त्या त्रासाची सगळा गाव कीव करायचा. जुन्या इंजिनाला दांडा मारताना आत कुणीतरी बसावं लागे. स्टेअरिंगखालची कांडी वेळेवर ओढली नाही तर दांडा उलटा फिरून मनगट मोडायचं. गड्यांच्या हातून एकदोनदा तसं होता होता वाचलं, तेव्हा धर्मराजनं बायकोला बसवलं. तिचा हात हलका होता. पाटलाच्या सुनेनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, थोरांदेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, अशा त्या घरातून ती रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांसमोर गाडीत जाऊन बसे, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. गाडीचं काम होतं ना.

धर्मराज दांडा मारी, ती कांडी ओढी. गाडी रुसे. मग तो कपाळ पुसत खिडकीशी येई आणि दोघं खालच्या आवाजात बोलत. पोरांची नावं तिथंच ठरली. तिच्या आईच्या आजारपणाला जायचं तेही तिथंच ठरलं. माणसांनी भरलेल्या घरात त्यांना निवांत कधी बोलता आलं नव्हतं. जे काय बोलले ते गाडी चालू होईपर्यंत. गाडी जितकी खोडसाळ, तितकं उषाबाईला बरं वाटायचं.

आता महिनाभर एक गोष्ट तिच्या ओठांवर येऊन बसली होती. रजनीची गावातली शाळा संपली होती. पोरीला पुढं शिकायला जालन्याला मावशीकडं ठेवावं असं तिच्या फार मनात होतं, आणि घरात तर स्थळांची बोलणी निघाली होती. धर्मराजच्या कानावर हे आधी घालायला हवं होतं. गाडी परत येऊ दे, मग सांगू, असं म्हणत तिनं दिवस काढले. आणि गाडी आली ती अशी शहाणी होऊन.

"दांडा कुठंय?" धर्मराजनं विचारलं.

"शिटामागं. पर त्याचं भोक म्या पत्रा ठोकून बंद केलं. धूळ जाती."

"पत्रा काढ."

कडूबा हसला. मालक थट्टा करताहेत असं त्याला वाटलं. "मालक, बटन हाय की. जल्दी सुरू होती."

"जल्दी कुणाला पाह्यजे? अन् बॅटरी बसली मंग? सडकंवर कुणाच्या तोंडाकडं पाहू? काढ."

कडूबानं पत्रा काढला. धर्मराजनं इंजिन बंद केलं, दांडा घातला, बाह्या वर सारल्या. दाराकडे न पाहताच तो म्हणाला, "आत माणूस लागंल."

"न्हाई लागत, मालक," कडूबा काकुळतीला आला. "ती कांडी आता कशालाच जोडलेली न्हाई. नव्या इंजिनात समदं आपोआप व्हतं. कांडी निस्ती शोभेला राह्यली."

"लागतं. मनगट माझं हाय."

उषाबाईला हसू आलं आणि डोळेही भरले. बोलायची भूक आपल्या एकटीलाच आहे, असं ती इतकी वर्षं समजत होती. पण पाऊल काही उचलेना. कांडीचं खरं सगळ्या पारानं ऐकलं होतं. काम नसताना कुठल्या तोंडानं जाऊन बसायचं? तिनं सासूकडं पाहिलं.

झुंबरबाई ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि सुनेच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"जाय," ती म्हणाली.

उषाबाई पदर सारखा करून गाडीत जाऊन बसली. तिनं कांडी धरली. धर्मराज दांड्यावर वाकला.

"धर्मा," झुंबरबाईनं ओसरीवरून हाक दिली, "सावकाश मार रं. महिन्याचं साठलंय तिचं."