तिसऱ्यांदा लावलेली जोडी

तीन आठवडे दिवाणखान्यात नुसता वायरींचा राडा होता. स्पीकरांना जोर देणारा पॉवर ॲम्प घरचाच होता, पण त्याच्या आधी जोडायचा, गाण्याच्या आवाजाला वळण देणारा साजेसा प्रीॲम्प काही केल्या ठरेना. एकाचा आवाज कोरडा ठणठणीत, दुसऱ्याचा नुसता गुळमुळीत. दोन्ही दुकानदाराने ऐकून बघायला दिलेले, आज संध्याकाळी परत न्यायचे, आणि चार तर वाजून गेले होते.

शेवटी त्याने बायकोला या यंत्रांच्या मांडणीमागे बसवलं. तिने न सांगता प्रीॲम्प बदलायचे, त्याने डोळे मिटून फक्त ऐकायचं.

“पुन्हा तेच गाणं?” ती म्हणाली. “त्या बाईचा घसा बसेल आता.”

पहिल्यांदा त्याने नाक मुरडलं. दुसऱ्यांदा तो चडफडला. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या अंगावर काटा आला. गाणारीचा श्वास, तिच्या खुर्चीची करकर, सगळं हाताच्या अंतरावर आलं होतं.

“हीच जोडी,” तो म्हणाला. “यातला कुठला लावलायस?”

त्याने डोळे उघडले. बायको मांडणीमागे उभी होती आणि पॉवर ॲम्पला जोडायच्या दोन्ही वायरी तिच्या हातात लोंबत होत्या.

“अरे, तिसऱ्यांदा मी अजून काहीच लावलं नाहीये,” ती हळूच म्हणाली. “पॉवर ॲम्पसुद्धा बंदच आहे.”

गाणं मध्येच थांबलं. दोघांचं बोलणं संपायची वाट बघावी, तशी स्पीकरांमधली बाई जराशी खाकरली.