रविवारचा नियम

“दारू घातली?” शिंप्याने विचारलं.

“नाही, साखर घातली!” घड्याळजी करवादले. “तुझ्या डोळ्यांदेखत तर ओतली. कितीदा विचारशील रे?”

शिंपी हसला, पण हटला नाही. घड्याळजींनी चिंधीत गुंडाळलेली गोळी नळीच्या तोंडाशी बसवली आणि गजाने तळापर्यंत ठासली. शिंप्याने वाकून गजावरची, दारू किती पडली ते दाखवणारी खूण पाहिली. ती नळीच्या तोंडाशी जुळली होती. “बरोबर,” तो म्हणाला, तेव्हा कुठे घड्याळजींना बार पेटवणारी टोपी बसवून घोडा चढवता आला.

ठासणीच्या बंदुकांच्या या मंडळात गेल्या हिवाळ्यापासून हा नियम होता. एकाने भरायचं, दुसऱ्याने बघायचं. मंडळाचा चिटणीस दंतवैद्य होता. नियमाचं कारण विचारलं, तर तो आपल्याच पेशंटसारखा तोंडात कापूस असल्यागत काहीतरी पुटपुटला होता. नवशिक्यांसाठी असणार, असं घड्याळजींनी ठरवून टाकलं. पण मग त्यांना का जाच? जन्मभर भिंगातून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला माणूस, आणि त्याच्या हातावर नजर ठेवायला कोण, तर शिंपी!

शिवाय एका बाराला दोघांचा वेळ. सकाळी आटपणारा सराव दुपारवर जायचा. घरोघरची जेवणं निवायची, बायकांचे फोन यायचे. तरी तक्रार एकटे घड्याळजीच करायचे. बाकीची मेंढरं मान खाली घालून एकमेकांचे गज तपासत बसायची.

“पुढच्या रविवारी सभा आहे ना? हा नियम रद्द करायचा ठराव मी मांडणार,” त्यांनी जाताना जाहीर केलं. “नाही झाला रद्द, तर माझा राम राम. बंदूक विकून टाकतो.”

सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

बुधवारी घड्याळजींना दारू मोजायचं पितळी माप सापडेना. शिंप्यानेच कुठेतरी ठेवलं असणार, असं म्हणत ते बसने मैदानावर गेले. एरवी ते फक्त रविवारी यायचे, कारण गाडीतून आणणाऱ्या मुलाला सुट्टी तेव्हाच. शेडच्या मागूनच त्यांना बार ऐकू आले. एकामागून एक, कसे झपाझप! ते कोपऱ्याशी थबकले. शिंपी एकटाच भरत होता. दंतवैद्य एकटाच भरत होता. कोणी कोणाकडे ढुंकून बघत नव्हतं.

चोर मुद्देमालासकट सापडल्यावर फौजदाराला होतो, तसा आनंद घड्याळजींना झाला. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात नवा आलेला बेकरीवाला म्हणाला, “डॉक्टर, आज जोडी नाही लावायची?”

“ते रविवारचं,” दंतवैद्य म्हणाला. “रविवारी घड्याळजीकाका असतात.”

“मी होतो ना त्या दिवशी शेजारी,” शिंपी गज पुसत म्हणाला. “घड्याळजीचा गज बोटभर वर राहिला होता. दारू दोनदा पडलेली. मी अरे म्हणेपर्यंत त्यानं चाप ओढला. नशीब, नळी जुनी पण जातिवंत. त्याला तोंडावर सांगितलं असतं, तर गडी पुन्हा इकडे फिरकला नसता. मग सगळ्यांनाच लावला नियम. जेवण काय, गरम करता येतं.”

घड्याळजींनी तोंड मिटलं. त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. हिवाळ्यातल्या त्या रविवारी बंदुकीने असा धक्का दिला होता, की खांदा आठवडाभर जांभळा होता. दारूच खराब म्हणून त्यांनी दुकानदाराचा उद्धार केला होता, दुकानही बदललं होतं. बंदूक भरता भरता त्या दिवशी ते नगराध्यक्षांच्या बंद पडलेल्या घड्याळाची गोष्ट सांगत होते. सगळे पोट धरून हसले होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी माप उचललं होतं.

गोष्ट सुरू करण्याआधीही उचललं होतं.

माप समोरच टेबलावर होतं. ते न घेताच घड्याळजी पावलं न वाजवता परत फिरले. बसमध्ये त्यांच्या डोळ्यांसमोरून निवलेली ताटं सरकत राहिली. कोणाकोणाची, किती रविवारांची. बोलणी मात्र सगळ्यांनी एकाच माणसाची खाल्ली होती.

रविवारी सभेत ते उभे राहिले. दंतवैद्याने चष्मा काढून हातात घेतला.

“ठराव मागे घेतो,” घड्याळजी म्हणाले. “हल्लीचे नवशिके फार धांदरट. राहू दे नियम.”

बेकरीवाला काही बोलणार होता. दंतवैद्याने त्याच्या पायावर पाय दिला.

सभा उठल्यावर शिंप्याने पिशवीतून पितळी माप काढलं. “हे घे. चुकून माझ्याकडे आलं.”

“वेंधळा आहेस,” घड्याळजी म्हणाले, आणि माप त्यांनी जरा जास्तच वेळ तळहातावर धरून ठेवलं.

दोघे नेहमीच्या टेबलाशी उभे राहिले. घड्याळजींनी मापाने दारू मोजली, नळीत ओतली. गोळी चिंधीवर ठेवली आणि थांबले. शिंपी आपल्याच आनंदात कुठेतरी बघत होता. वाऱ्यावर चिंधीचं टोक हललं. घड्याळजींनी गोळी तशीच चिमटीत धरली होती, गजाला हात लावला नव्हता.

“अरे, विचार की लेका!” शेवटी ते ओरडले. “आज काय तोंडात दोरा धरलायस?”