छापील ओळ

“काकू, तुमच्या मते नवीन डायरेक्टर कसा असावा?”

“काकू तुमच्या पुण्यात. इथं अक्का म्हणायचं.”

शाल्मली हसली. वसुमतीअक्का हसल्या नाहीत. हयवदनसर मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी माणूस शोधून द्यायला ट्रस्टींनी बेंगळुरातली कुठलीशी कंपनी नेमली होती, आणि कंपनीनं ही पोरगी देवनहळ्ळीला धाडली होती, सगळ्यांशी बोलून घ्यायला. अंध मुलींच्या या वसतिगृहात अक्का एकतीस वर्षं चाळीस पोरींचं करत आल्या होत्या. इतक्या वर्षांत सांबारात मीठ किती, यापलीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

वाऱ्यानं दार आपटलं. अक्कांनी उठून दाराखाली लाकडी खुंट सारला. खुंटाचं डोकं लाल रंगवलेलं होतं. परवा कुंपणाशी पोरींतली सुप्रीता त्याला अडखळून तोंडावर पडली होती, गेल्या नऊ वर्षांत पहिल्यांदा. शेजारी प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांच्या मोजणीचा असणार म्हणून अक्कांनी चार शिव्या हासडून तो उपटून आणला होता.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “माणसाच्या पायाला आवाज हवा. मांजरासारखा येणारा नको. आणि साधी बादली हलवायची असली तरी आधी पोरींना सांगायला हवं. आमच्या पोरी काठी घेत नाहीत. अंगण त्यांच्या पायांत बसलंय. जेवणघरापासून नळापर्यंत सव्वीस पावलं. नवी पोर वर्षभर पडते, रडते. मग कधी पडत नाही.”

शाल्मलीनं लिहिलं.

“काय लिहिलंत?”

“कम्युनिकेशन स्किल्स.”

“एवढं बोलले, ते दोन शब्दांत मावलं? सरी, ठीक आहे. घाला घडी करून खिशात.”

अक्का पुढं वाकल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण पेनातून उतरलेलं निळं होतं आणि वरच्या ओळी काळ्या, छापील होत्या.

“निळं माझं. हे काळं कुणाचं?”

“ते ट्रस्टींचं. कृष्णमूर्तीसरांनी आधीच पाठवलंय. त्यात तुमचं सगळ्यांचं घालायचं आणि तशी माणसं शोधायची. साठ-सत्तर नावं काढतो, चाळून तीन त्यांच्यापुढं ठेवतो.”

“वाचा ते काळं.”

शाल्मलीनं वाचलं. पदवी. पंधरा वर्षांचा अनुभव. देणगीदारांशी ओळखी. कन्नड यायला हवं. मग कागद फायलीत सरकवायला लागली.

अक्कांनी त्यावर बोट ठेवलं. बोटाला हळद होती.

“ओळी पाच आहेत. तुम्ही चार वाचल्या.”

“अक्का, ते कॉन्फिडेन्शिअल...”

“मोजायला शिकवलंय मला मास्तरांनी.”

वरून विमान गेलं. खिडकीची तावदानं थरथरली. 

“संस्था एका जागेवरून दुसरीकडे हलवल्याचा अनुभव,” शाल्मली हळूच म्हणाली.

“हलवल्याचा.”

“सगळीच्या सगळी. म्हणजे बाकीचं स्वल्प कमी-जास्त चालतं, अक्का.” ‘स्वल्प’ हा कानडी शब्द तिनं इथंच उचलला होता. “पण ही ओळ नसेल तर नाव पुढं पाठवायचंच नाही, असं सरांनी सांगितलंय.”

“आणि माझी बादली?”

शाल्मलीनं निळ्या अक्षरांकडे पाहिलं. “ती शेवटी विचारतो. वेळ उरला तर.”

अक्कांनी बोट उचललं. कागदावर पिवळा डाग राहिला. त्यांची नजर दाराकडे गेली, दाराखालच्या लाल डोक्यावर थांबली, आणि मग उघड्या दारातून अंगणात.

सुप्रीता तांब्या घेऊन नळाकडे निघाली होती. मान वर, चाल भरभर, पावलं मोजायची तिला आता गरज उरली नव्हती. अंगणाच्या मधोमध तिचा पाय अडला. तांब्या खणखणत गेला. ती सावरली, खाली बसली, जमिनीवर हात फिरवला.

“अक्का,” तिनं हाक मारली, “इथं पण एक आहे.”