दुसऱ्या भागाचं काय?

“ज्या मोजमापांकडे पाहत तुम्ही क्वांटम संगणक जुळवलात, त्याच मोजमापांवर त्याची परीक्षा घेतलीत,” परीक्षक स्लॉटबाई म्हणाल्या. “त्यांचे दोन भाग करा. पहिल्यावर जुळवा, दुसऱ्यावर तपासा. मग पास होतो का तो?”

प्रबंधाची जाहीर परीक्षा, बरोबर पाऊण तासाची; मंचावर उमेदवार निन्के. शेवटच्या रांगेत तिचा जुना सहकारी रेमर बसला होता. हीच विभागणी त्याने केली होती आणि दुसऱ्या भागात यंत्र साफ नापास झालं होतं. “ह्याला मोजता येत नाही,” असं म्हणून दोघांचे मार्गदर्शक प्रोफेसर वाल्डाइकांनी त्याला प्रयोगशाळेतून काढलं. आता तो शाळेत गणित शिकवतो. मागाहून निन्केनेही गुपचूप करून पाहिलं. रेमर बरोबर होता. परीक्षेत सगळ्यांसमोर सांगेन, असा शब्द तिने त्याला दिला होता.

रीतीप्रमाणे आधी मानाचं संबोधन. “अतिविद्वान परीक्षक महोदया,” निन्के सावकाश म्हणाली, “आपल्या ह्या मार्मिक प्रश्नाबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे...”

“एक मिनिट हं,” वाल्डाइक हसत उठले. “हिची आजी थेट फ्रीसलंडहून आलीय. तिलाही प्रश्न कळू दे की! समजा आजी, तुमच्या गोठ्यातल्या निम्म्या गाई...”

आजी लाजली. लोक खुदखुदले. गाई झाल्या, फासे झाले, नाणी झाली. वाल्डाइकांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही; इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांना ते पाहावं लागत नसे.

“हं, बोला आता,” ते बसले.

निन्केने पाण्याचा पेला उचलला. एक घोट घेतला. मग आणखी एक.

दार उघडलं. झगा घातलेला चोपदार घुंगरांची काठी आपटत आत आला. “वेळ झाली!”

त्यानंतर उमेदवाराने चकार शब्द काढायचा नसतो.

पदवी मिळाली. गौरवाच्या भाषणात वाल्डाइकांनी तिच्या सचोटीचं तोंडभर कौतुक केलं.

बाहेर अभिनंदनाला रांग लागली. रेमरही रांगेत होता. तिथल्या रीतीप्रमाणे, चारचौघांसारखेच त्याने तिच्या गालांवर तीनदा ओठ टेकले. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये हळूच म्हणाला, “उत्तर एका शब्दाचं होतं.”

नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला. आजीने तो बैठकीच्या खोलीत लावला होता. कितीतरी वर्षं तिथेच होता. त्यात दोघंही हसताहेत.