कड्यावरची हाक

काठीचा पहिला फटका गाईडच्या कानावर बसला आणि त्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुसरा त्याने हातावर घेतला, तर मनगटात काहीतरी कडकन मोडलं. तिसरा पाठीत बसेपर्यंत तो कठड्यावर तोंड फुटून पालथा पडला होता.

मारणारा अनोळखी नव्हता. काही दिवसांपूर्वीपर्यंत तोही सरोवराभोवतीच्या याच पायवाटांवरून प्रवाशांना फिरवायचा, धबधबा दाखवायचा, जुना बुरूज दाखवायचा. एकदा दारूच्या नशेत त्याने एका म्हाताऱ्या प्रवाशाला ढकलून दिलं, आणि चौकशीत गाईडने जे पाहिलं ते सांगितलं. मारणाऱ्याचा गाईडगिरीचा बिल्ला गेला. तेव्हापासून तो गाईडच्या जिवावर उठला होता. आज जेवणाच्या वेळी, कड्यावर चिटपाखरू नसताना, त्याने गाठलंच.

“माझा बिल्ला गेला,” तो धापा टाकत म्हणाला. “आता तू जा.”

त्याने गाईडचे दोन्ही पाय उचलले आणि त्याला कठड्यापलीकडे लोटून दिलं.

कड्याच्या अंगातून एक जाड मुळी बाहेर आली होती. गाईडचा शाबूत हात तिच्यात अडकला. खांदा उखडल्यासारखा झाला, पण हात सुटला नाही. खाली दाट झाडी होती. झाडीपलीकडे पाणी, पाण्यावर बोटी, आणि बोटींच्या धक्क्यावर त्याच्या बायकोची भाजक्या कणसांची गाडी.

होता नव्हता तेवढा दम घेऊन तो ओरडला, “वाचवाऽऽ!”

“वाचवाऽऽ... वाचवाऽऽ...” कडा इमानाने ओरडला.

आणि खालच्या बोटींतून आनंदाचा एकच कल्ला उठला. “वाचवाऽऽ!” बाया ओरडल्या. “वाचवाऽऽ!” पोरं ओरडली. कुणीतरी शिट्टीही मारली.

गाईडच्या तोंडचं पाणी पळालं. खेळ त्याचाच होता ना! इथे येणारा प्रत्येक जण प्रतिध्वनी ऐकायला कड्यावर चढायचा, आणि प्रत्येकाला तो हेच ओरडायला शिकवायचा. शब्द छान घुमतो, अंगावर काटा येतो, खालून बोटीवाले उत्तर देतात, सगळे खूश. बाकीचे गाईड म्हणायचे, लेका, काहीतरी शुभ बोल की! तो हसण्यावारी न्यायचा. हा धोंडा त्याने हौसेने, रोज थोडा थोडा, आपल्याच पायावर पाडून घेतला होता.

या कड्याची आणखी एक खोड होती. धक्क्यावरचं बोलणं पाण्यावरून सरकत वर यायचं, शेजारी बसून बोलल्यासारखं. आता बायकोचा आवाज आला.

“घाबरू नका हो काका,” ती कुणा गिऱ्हाइकाला सांगत होती. “आमचेच हे आहेत. ओरडतात मरायला टेकल्यासारखे, आणि घरी येऊन दोन माणसांचं जेवतात.”

वरचा माणूस आधी दचकला होता. आता तो खो खो हसत सुटला. निवांत कठडा ओलांडून तो खाली बसला, एका हाताने कठड्याचा गज धरला आणि बुटाची टाच मुळीवरच्या बोटांवर हाणली. एक नख मुळापासून निघालं.

“ओरड की,” तो म्हणाला. “लोकांना मजा येतेय.”

रक्त बोटांवरून ओघळून बाहीत शिरलं. गाईडला मरायचं नव्हतं. त्याला दुसरा शब्द हवा होता, आणि तोही एकच. लांब वाक्य ओरडलं की पुढचे शब्द मागच्या घुमण्यावर चढतात आणि खाली नुसता गलका पोचतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? असा शब्द हवा, जो खेळात नाही. जो ऐकताच तिला कळेल की आज काहीतरी विपरीत घडतंय.

टाच पुन्हा बसली. एक बोट बधिर झालं.

त्याला सकाळ आठवली. डबा भरता भरता बायको कुरकुरली होती, “दिवसभर परक्यांना हाका मारायला शिकवता. मला कधी मारलीत हाक? अगं, ए, ऐकलंस का, संपलं! लग्न नवं होतं तेव्हा चिमणी म्हणायचात. मेली वाटतं ती चिमणी.” तो तसाच डबा उचलून बाहेर पडला होता. आता त्याला त्याचं फार वाईट वाटलं.

फुटलेल्या तोंडाने, सगळा जीव आवाजात घालून तो ओरडला.

“चिमणेऽऽ!”

“चिमणेऽऽ... चिमणेऽऽ...”

बोटी गप्प झाल्या. शिट्टी थांबली. वरच्या माणसाचं हसू मावळलं आणि उचललेली टाच तशीच हवेत राहिली. खाली निखाऱ्यांवर फटफट चाललेला पंखाही थांबला. ऐकलं तिने! गाईडच्या छातीत आशा दाटून आली. आता ती किंचाळेल, माणसं पायवाटेने धावत सुटतील. एवढा वेळ आपण टिकू, नक्की टिकू.

“अगं बाई!” बायकोचा आवाज आला. हसरा होता, जरासा ओला होता. “चारचौघांत! लाजच सोडली आज यांनी. सकाळी मी बोलले, ते लागलं वाटतं मनाला.”

“अहो, माझं कणीस...” गिऱ्हाईक म्हणालं.

“देते हो काका. आधी ओ देऊ द्या मला.”

टाच खाली आली.

सरोवरावरून लांब, लाजरी ओ आली, आणि कड्याने ती दोनदा परत दिली.