नदीकाठचा मुक्काम

"मला न्हाई यायचं. तू मायला घेऊन जा," संपतराव म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

शिवहार त्यांचा लेक. गुरांचा डॉक्टर होऊन तो न्यूझीलंडला गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. या खेपेला तो पुसेगावला आला तो आईबापाला सोबत न्यायचं ठरवूनच. पासपोर्ट झाले होते, व्हिसा झाला होता. तिकडे सून मोहिनी आणि नात वाट बघत होत्या. सगळ्यांनी मिळून कॅरॅव्हॅन घ्यायची, म्हणजे चाकांवरचं घरच; पलंग, शेगडी, मोरी सगळं आत. डोंगर, तळी बघत हिंडायचं आणि रोज नव्या ठिकाणी मुक्काम करायचा. शिवहारनं नकाशा जमिनीवर पसरला होता आणि बाप नेमका त्या एका शब्दापाशी अडला होता. मुक्काम.

चांगुणाबाईंचं तसं नव्हतं. लेकाच्या फोनवर हिरवाचार डोंगर होता आणि डोंगरभर मेंढरं चरत होती. माणूस मात्र एकही दिसत नव्हता.

"राखायला कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई, माय. तिथं लांडगाच न्हाई."

चांगुणाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. लांडगा नसलेला मुलूखही देवानं केलाय, हे त्यांना साठी उलटल्यावर कळत होतं. तोंडावर पदर धरून त्या कितीतरी वेळ तो डोंगर बघत राहिल्या. संपतरावांनीही डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. त्यांनाही नवल वाटलं.

त्यांचा निम्मा जन्म मेंढरांमागं गेला होता. घोड्यावर बिऱ्हाड आणि पायाखाली परकी वाट. उन्हाळ्यात लोक शेतात बोलवायचे, पण ते बोलावणं लेंडीखताला असायचं, माणसांना नव्हे. पिकं उभी राहिली की तीच माणसं बांधावर टेकू देत नसत. दिवस कलायला लागला की संपतराव चारी दिशांना बघायचे, आज कुठं टेकायचं? शिवहार जन्मला तो औंढ्याच्या डोंगराखाली, एका माळावर. त्याच संध्याकाळी कुणीतरी येऊन त्यांना उठवलं होतं. ओल्या बाळंतिणीला घोड्यावर बसवून, लेकरू स्वतःच्या छातीशी बांधून संपतराव चालत राहिले होते. पुढं मेंढरं विकून त्यांनी हे घर बांधलं. पहिल्या दिवशी दार आतून लावून घेतलं आणि नुसते बसून राहिले. कुणीही उठवायला आलं नाही.

"हौसेनं हिंडणारे हिंडत असतील," ते लेकाला म्हणाले. "आमी हिंडून बसलो, बाबा. आता कुनाच्या दारात जाऊन जागा मागवत न्हाई."

पहिल्या मुक्कामाची जागा आज पक्की करायची होती आणि तिकडे एव्हाना दुपार झाली असणार. शिवहारनं फोन लावला आणि आईला ऐकू यावं म्हणून आवाज मोकळा सोडला.

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. नदीकाठची जागा तिची होती. भाडं देऊन लोक तिथं आपापली चाकांवरची घरं उभी करायचे. ती एकेक विचारत गेली आणि शिवहार ते मराठीत सांगत गेला. माणसं किती? वयस्कर कुणी आहे का? आईचे गुडघे दुखतात हे ऐकल्यावर ती म्हणाली, मग सपाट जागा ठेवते, नदीच्या बाजूची.

संपतराव एकदम पुढं सरकले.

"तिला सांग, आमी मेंढरामागं हिंडनारी मानसं हाव. मागून उठवन्यापरीस आधीच सांगितलेलं बरं."

शिवहारनं बापाकडं बघितलं. इंग्रजी बापाला कळत नव्हतं. काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेता आली असती. पण तो सांगायला लागला आणि बराच वेळ सांगत राहिला. त्या सगळ्यात संपतरावांना एकच शब्द ओळखू आला, औंढा. तेवढ्यावरून लेक काय सांगतोय ते त्यांना समजलं. त्यांनी मान खाली घातली.

मग ती बाई सावकाश बोलली. शिवहारनं फोन आईजवळ सरकवला.

"काय म्हनून राहिली?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"म्हणते, जागा तुमचीच हाय. किती बी दिवस राहा. वाटेत उशीर झाला तर घाबरू नका, फाटकावरचा दिवा ती चालू ठेवनार हाय. आपण पोचेस्तोवर झोपनार न्हाई म्हणते."

संपतराव फोनकडं बघत राहिले. भाडं घेऊन जागा तर कुणीही देईल. पण सात समुद्रांपलीकडं, जिला कधी पाहिलं नाही अशी एक बाई त्यांच्या वाटेकडं डोळे लावून बसणार होती. नकाशावरचा नदीचा निळा पट्टा त्यांनी आता पहिल्यांदा नीट बघितला. त्यावर हळूच बोट ठेवलं. तसंच ठेवून ते लेकाला म्हणाले,

"तिला म्हनावं, दिवस मावळायच्या आत पोचतो आमी. आमच्यापायी जागायची तकलीफ करू नको."