कपाळावरची बट

नात जन्मली, त्या वर्षी तिच्या पाळण्यासाठी म्हाताऱ्या फोटोग्राफरची डार्करूम रिकामी करायची ठरली. तो अडून बसला, तेव्हा मुलानं पैज लावली. "बाबा, फिल्मचा फोटो ओळखून दाखवा. खोली तुमची."

आईला खिडकीत बसवून दोघांनी आपापल्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. मुलानं दोन्हींचे सारखेच ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करून आणले आणि मागे पेन्सिलीनं नावं लिहिली.

एका फोटोत आईचे केस चापून बसवलेले, दुसऱ्यात कपाळावर बट. बाबांनी बटेवर बोट ठेवलं. "हा फिल्मचा. सावलीतही केस न् केस दिसतोय."

मागे लिहिलं होतं, 'डिजिटल'.

"गाढवा, उलटं लिहिलंयस तू!"

"वा बाबा! नाचता येईना, अंगण वाकडं!"

निगेटिव्ह सापडेना आणि मुलानं कार्ड केव्हाच पुसलं होतं. बाबांनी चरफडत खोली रिकामी केली. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

आज बाबांच्या चष्म्याच्या घरात मुलाला ती निगेटिव्ह मिळाली, हाताळून हाताळून कडा झिजलेली. त्यानं ती उजेडाला धरली. आईच्या कपाळावर बट होती.


आता सांगायचं कोणाला? बाबा परवा, सोमवारी सकाळी गेले.